समरकंदच्या बाजारातला पाहुणचार

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचल्याचे फोनवर कळवलेच आहे. पण बाबांना फोनवर धड ऐकू येत नाही आणि आई, तू त्यांना सांगताना निम्मी गोष्ट गाळतेस, म्हणून उझबेकिस्तानातल्या समरकंदची हकिकत सविस्तर लिहिते आहे.

बीबी खानुम मशिदीला लागूनच तिथला सियाब बाजार आहे. बाबा, ही मशीद तैमूरने 1398 च्या दिल्लीवरच्या स्वारीनंतर, म्हणजे 1399 मध्ये बांधायला घेतली आणि तिच्या कामावर हिंदुस्थानातून नेलेले हत्ती राबवले. दिल्लीची लूट जिथे पोहोचली, त्याच भिंतीच्या सावलीत मला एका अनोळखी बाईंनी जेवू घातले, हे तुम्हाला मुद्दाम सांगायचे आहे.

त्या बाई सुक्या मेव्याच्या गाळ्यावर बसल्या होत्या, वयाने आईएवढ्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आणि ओळीने सोन्याचे दात. मी जर्दाळूचा भाव विचारला तेव्हा त्यांनी भाव न सांगता ‘हिंदुस्तान?’ एवढेच विचारले, आणि मी मान हलवताच राज कपूरचे नाव घेऊन स्वतःची बसायची चौकी माझ्याकडे सरकवली. शेजारच्या गाळ्यावरच्या मुलाला मोडके इंग्रजी येत होते, त्यामुळे आमचे बोलणे त्याच्यामार्फत चालले. त्यांची जेवणाची वेळ झाली होती. पुलाव आला, परंतु तो मांसाचा. मी खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्यापुढे पातळ चिरलेला कांदा-टोमॅटो, दही आणि तिथली गोल, जाड काठाची नान ठेवली. ही नान तंदुरात भाजण्याआधी तिच्या मध्यभागी नक्षीचा ठसा मारतात. ती सुरीने कापत नाहीत आणि पालथीही ठेवत नाहीत. बाईंनी ती हातानेच मोडली आणि सर्वांत मोठा तुकडा माझ्याकडे सारला.

चहा हिरवा, बिनदुधाचा. तो आधी तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घालतात आणि मगच पाहुण्याला देतात, तोही अर्धाच पियाला, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतो. सोबत मधाच्या रंगाची खडीसाखर होती. आई, तुला तो चहा मुळीच आवडला नसता.

हे सगळे चालू असताना गिऱ्हाइके येतच होती आणि बाई भावासाठी अशा हुज्जत घालत होत्या की आपल्या मंडईतल्या बायकांनीही हात टेकावेत. एका गृहस्थाला तर त्यांनी पिशवी भरल्यावर परत पाठवले, पण भाव कमी केला नाही. त्यामुळे हा भोळ्या माणसाचा भाबडेपणा नव्हता, याची मला खात्री पटली. जेवणाचे पैसे मी पुढे केले तेव्हा त्यांनी उजवा हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवली आणि विषय संपवला. पुढे मी जर्दाळू घेतले, त्याचे पैसे मात्र त्यांनी चोख मोजून घेतले, एक सोमही सोडला नाही. मला त्या बाई खऱ्या आवडल्या त्या इथे, कारण सवलत मिळाली असती तर जेवणही धंद्याचाच भाग होते की काय, अशी शंका मनात राहिली असती. आपल्याकडे कोणी काही दिले की डबा रिकामा परत करायचा नाही, हे तुम्ही आम्हाला शिकवलेत. त्या शिकवणीमुळे मला तिथे फार अवघडल्यासारखे झाले, हेही खरे.

माझी एक मैत्रीण लवकरच तिकडे जाणार आहे, तेव्हा तिच्याबरोबर बाईंसाठी काहीतरी पाठवायचे म्हणते. खायचे नको, खाण्याची तिथे ददात नाही. आई, तू मागे घेऊन ठेवलेले खणाचे कापड अजून असेल तर तेच पाठवावे असे मला वाटते. रंग तूच निवड, मात्र चांगला भडक निवड. तोवर दादाबरोबर जर्दाळू आणि त्याच्या भाजलेल्या खारट बिया पाठवते आहे. बियांचे कवच कडक आहे, बाबांनी ते दातांनी फोडू नये, अडकित्ता वापरावा.

तुमची लेक