बॅकअप होता, पण 'एम'पर्यंतच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मागे कॉम्प्युटरची काळजी कशी घ्यावी यावर एक चौकट आली होती. तिच्यात शेवटचं वाक्य होतं, महत्त्वाच्या फाइल्सचा नियमित बॅकअप घ्यावा. बास, एवढंच. असली चौकट दरवर्षी मार्चअखेर कुठे ना कुठे येतेच, कारण 31 मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो (2011 पासून). आपल्याकडे त्या दिवशी कुणाला मान वर करायला फुरसत नसते हे तो दिवस ठरवणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. असो. माझं म्हणणं असं की आम्ही बॅकअप घेत होतो, रोज रात्री 9 वाजता घेत होतो, आणि तरी गेलं. कसं गेलं ते छापलंत तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझं कराडला टायपिंग आणि डीटीपीचं छोटं सेंटर आहे. खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र ही रोजची कामं, जोडीला लग्नपत्रिका. एक मेन कॉम्प्युटर, ऑपरेटर मुलीचा लॅपटॉप, आणि राउटरला वायरने जोडलेली नेटवर्कवाली हार्डडिस्क. आम्ही तिला डबा म्हणतो. डबा बसवणाऱ्याने विंडोजमधल्या रोबोकॉपी या फाइल्स कॉपी करणाऱ्या कमांडची एक ओळ लिहून ती टास्क शेड्यूलरला (ठरल्या वेळी काम सुरू करणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) लावून दिली, पहिल्या दिवशी फाइल्स जाताना दाखवल्या, आम्ही खूश. त्यानंतर डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय म्हणजे सगळं ठीक, एवढीच आमची तपासणी.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मेन कॉम्प्युटरची हार्डडिस्क कायमची बसली. मी निवांत होतो, बॅकअप आहे ना. नवीन मशीन आणलं, डबा उघडला, तर अकाउंट्स, कोर्ट, लेटरहेड असले इंग्रजी नावाचे फोल्डर परवापर्यंतचे ताजे आणि मराठी नावाचे सगळे 2023 च्या दिवाळीच्या आधीचे. त्यानंतरचं एकही मराठी कागद नाही! दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "काका, मराठीत नावं दिली की असंच होतं, डब्याला मराठी कळत नाही, इंग्रजीत नावं देत जा." मला आधी ते खरंच वाटलं, इतकं की घरी येऊन बायकोला पण तेच सांगितलं.

पण भाच्याला पटेना. त्याने दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे 2023 च्या आधीची मराठी नावं डब्यात व्यवस्थित होती, मग तेव्हा डब्याला मराठी कळत होतं का? दुसरं म्हणजे इंग्रजीत 'फोटोज' नावाचा फोल्डर होता, पी वरचा, तोही ताजा नव्हता. ताजं जे काही होतं ते ए पासून एम पर्यंत, आणि एम वर होता 'मेल', त्यात आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमची पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवायची फाइल. ती 2023 च्या दिवाळीत मीच तिथे नेऊन ठेवली होती, एका जागी सगळं असावं म्हणून!

नशिबाने रोबोकॉपीचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंद, डब्यावरच साठत होती. ती उघडली तर शेवटी पानंच्या पानं एकच मजकूर, एरर 32, ही फाइल दुसरा प्रोग्रॅम वापरतोय, 30 सेकंद थांबतोय, परत प्रयत्न करतोय. परत एरर 32, परत 30 सेकंद. आमच्याकडे आउटलुक कधी बंदच व्हायचं नाही, कॉम्प्युटर रात्री चालू, मेल उघडा, आणि आउटलुक चालू असताना ती फाइल दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आता गंमत बघा, रोबोकॉपीला तुम्ही काही सांगितलं नाहीत तर एखादी फाइल मिळाली नाही म्हणून तो किती वेळा प्रयत्न करतो? 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून. हिशोब केला तर 347 दिवस होतात. एवढा चिकाटीचा नोकर मी जन्मात पाहिला नाही. टास्क शेड्यूलर तीन दिवस झाले की ते काम आपलं आपण मारतो, दुसऱ्या रात्री नऊला पुन्हा सुरू, ए पासून एम पर्यंत आलं की पुन्हा त्याच फाइलपाशी उभा. विंडोजच्या यादीत इंग्रजी नावं आधी येतात आणि देवनागरी नंतर, म्हणून आमच्या मराठी फोल्डरांचा नंबर कधी लागलाच नाही. म्हणजे बॅकअप फेल पण नव्हता, शेड्यूलरमध्ये बघितलं असतं तर 'चालू आहे' असंच दिसलं असतं.

यावर उपाय एका ओळीचा आहे. त्या कमांडमध्ये /R:3 आणि /W:5 असं घातलं की तीनदा प्रयत्न, मध्ये पाच-पाच सेकंद, आणि नाही जमलं तर ती फाइल सोडून पुढे. आउटलुकच्या फाइलसाठी रात्री आउटलुक बंद करायचं. झालं.

एवढ्यावर सुटका झाली असती तर बरं, पण नवीन मशीन विंडोज 11 चं, ते डब्यात शिरायलाच तयार नाही. आधी बिनपासवर्डाचं पाहुण्यासारखं आत जाता यायचं, ते आता बऱ्याच मशीनवर बंद केलंय, आणि बरोबरच केलंय. यूट्यूबवर बघितलं तर जो तो सांगतोय एसएमबी 1 (नेटवर्कवर फाइल्स देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करा, ही सेटिंग बंद करा, ती बंद करा. कृपा करून हे करू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबी 1 मधल्या भोकातून, म्हणून तर त्याच वर्षी विंडोज 10 च्या नव्या आवृत्तीपासून ते मुळातच काढून टाकायला सुरुवात केली. डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन एक युजर आणि पासवर्ड तयार केला, तोच विंडोजला दिला, दहा मिनिटांचं काम. (विंडोज उघडायचा पिन तिथे चालत नाही, मी अर्धा तास तोच टाकत बसलो होतो.)

मग लाइट गेली. आमच्याकडे ती जातेच. आली तेव्हा राउटरने डब्याला नवीनच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला आणि कमांडमध्ये जुना लिहिलेला, झालं, रात्रीचा बॅकअप पुन्हा हवेत. राउटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, तो ठेवला. झेड ड्राइव्हची (डब्यातल्या फोल्डरला विंडोजमध्ये दिलेलं अक्षर) पण तीच कथा, आपण क्लिक केलं की उघडतो आणि शेड्यूलर रात्री गेला की त्याला सापडत नाही, कारण ते झेड अक्षर आपण लॉगिन केलेल्या सत्रापुरतंच असतं. तिथे डब्याचं नाव आणि फोल्डर असा पूर्ण पत्ता लिहावा. आणि लॅपटॉप असेल तर शेड्यूलरमध्ये 'चार्जर लावला असेल तरच चालव' ही खूण आधीपासून असते ती काढा, आमची ऑपरेटर मुलगी संध्याकाळी चार्जर काढून ठेवते, तिचा बॅकअप कित्येक महिने झालाच नव्हता.

आता दुकानदाराच्या त्या मराठी नावाच्या गोष्टीकडे येतो, कारण त्याचं शंभर टक्के खोटं नव्हतं हे कबूल करायला पाहिजे. सगळं नीट झाल्यावरही तीन-चार फाइल्स डब्यात जाईनात. त्यातल्या एकीचं नाव बघा (गट नंबर बदललाय, पक्षकाराने काळजी करू नये): मौजे उंडाळे ता कराड गट नं 214 पैकी पूर्वेकडील क्षेत्राचे हक्कसोडपत्र दुरुस्त मसुदा शेवटचा खरोखर शेवटचा. हसू नका, तुमच्या ऑफिसात पण अशी नावं असतील. विंडोज फाइलच्या नावाला 255 अक्षरं देतं, आणि हे नाव अक्षरं, काना-मात्रा, जागा, शेवटचं डॉट डॉक्सएक्स सगळं धरून 107. पण हे डबे आतून विंडोजवर नाही, बहुतेक लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमवर चालतात, तिथे 255 ची मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची (कॉम्प्युटरच्या साठवणीचं छोटं माप) आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट, आपलं देवनागरी अक्षर तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त प्रत्येकाचे वेगळे तीन. 'क्षेत्रफळ' एवढाच शब्द 27 बाइट खातो. वरचं नाव 275 बाइट, म्हणून डबा घेत नाही. म्हणजे साधारण 85 चिन्हं झाली की संपलं. काही डब्यांत फोल्डर एन्क्रिप्ट (पासवर्डाने कुलूपबंद) केला तर मर्यादा 143 बाइट, म्हणजे फक्त 47 चिन्हं. तेव्हा नावं मराठीतच द्या, फक्त आटोपशीर द्या. इंग्रजीत नावं देत जा हा सल्ला मला मान्य नाही, रोज मराठीत कागद करणाऱ्या माणसाने फाइलला मौजे उंडाळे न लिहिता काय लिहायचं?

आम्हीच बावळट असं कुणी म्हणेल. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब नावाच्या मोठ्या कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, बॅकअप बघायला गेले तर तो बरेच दिवस होतच नव्हता, आणि फेल झाल्याचे ईमेल समोरच्या मेल सर्व्हरने नाकारल्यामुळे कुणापर्यंत पोचलेच नव्हते. जवळपास सहा तासांचा डेटा गेला. हे त्यांनी स्वतःच लिहून जाहीर केलं, ते मला आवडलं.

म्हणून विनंती अशी, पुढच्या चौकटीत 'बॅकअप घ्या'च्या खाली दोन ओळी वाढवा. महिन्यातून एकदा डब्यातली अलीकडची एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, अगदी शेवटच्या फोल्डरातली. आणि एक साधी हार्डडिस्क वायर काढून घरी कपाटात ठेवा, कारण कॉम्प्युटरला रॅन्समवेअर लागला तर कायम जोडलेला डबा पण त्यातच जातो. मी दर महिन्याच्या एक तारखेला करतो, दहा-पंधरा मिनिटं लागतात.

वरचं हक्कसोडपत्र शेवटी पक्षकाराकडच्या प्रिंटवरून परत टाइप केलं, ऑपरेटर मुलगी टाइप करत होती नि मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो. त्याचे पैसे घेतले नाहीत. फाइलचं नाव 'उंडाळे हक्कसोड 1'.

आपला,
एक टायपिंगवाला, कराड