ती दीर्घिका आता तिथे आहे का?

ठाणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "अलकनंदा दीर्घिकेचा उजेड निघून 1200 कोटी वर्षं झाली, मग ती आता तिथे आहे का?" मी ठाणे स्टेशनच्या पुलावर होते. "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर हळहळले. एवढा चांगला प्रश्न! दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह.

असेलही, पण आज कशी आहे ते आपल्याला कधीच कळणार नाही. मधलं अंतराळ इतक्या वेगानं वाढतंय की आज तिथून निघालेला उजेड इथवर पोचणारच नाही. आपल्याकडे आहे तो तिचा जुना चेहरा. विश्व आज 1380 कोटी वर्षांचं आहे. तो चेहरा ते जेमतेम 150 कोटींचं होतं तेव्हाचा.

पुण्याच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर या खगोलशास्त्रज्ञांना ती जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीच्या चित्रांत सापडली. दोन सुबक सर्पिल बाहू, विस्तार 30 हजार प्रकाशवर्षं, आणि वर्षाला 60 सूर्यांच्या वस्तुमानाएवढे नवे तारे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण 20 पट. नवल वेगळंच आहे. सुरुवातीला कृष्णद्रव्याच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थाच्या, ओढीनं हायड्रोजन-हेलियम गोळा झाला, निवला, त्यात तारे पेटले. छोट्या दीर्घिका एकमेकींवर आदळत मोठ्या झाल्या. एवढ्या धुमश्चक्रीत सगळं ओबडधोबड असणार, नीट तबकडी जमायला कित्येक शे कोटी वर्षं लागणार, असंच शास्त्रज्ञ मानत होते. आई, तू भाकरी थापतेस तेव्हा उंडा फिरत फिरत पसरतो ना, तसा फिरता वायू चपटा होतो. अलकनंदेत ते फारच लवकर झालं. कसं, ते अजून शोधतायत.

ती दिसली तीही एका भिंगातून. बाबा, तुमच्या पेपर वाचायच्या भिंगासारखं, फक्त हे एबेल 2744 या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाचं; ते मागून येणारा उजेड वाकवून मोठा करतं.

आई, नाव वाचून तुला रुद्रप्रयाग आठवलं असेल. मंदाकिनी आणि अलकनंदेच्या संगमावर तू माझा हात धरून पाण्यात उतरली होतीस. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून हिचं नाव अलकनंदा.

इथे गच्चीवरून दहा तारेही दिसत नाहीत. गावाला अंधार आहे. पौषातल्या अमावास्येला चार दिवस रजा टाकली आहे. बाबा, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी वायव्येला देवयानी दीर्घिका दाखवते, दुर्बिणीशिवाय. तिचा उजेड 25 लाख वर्षांपूर्वीचा. अंगणातला दिवा तेवढा बंद ठेवा.

तुमची,
ताई