२०११ पासून वापरात असलेला आमचा ट्रेडमार्क अर्जात ‘प्रस्तावित वापर’ म्हणून दाखवल्याबद्दल तक्रार

सांगली, दि. १८ जून २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

महोदय,

हळद पावडर आणि बेदाणा या आमच्या मालाच्या पाकिटावरची खूण ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी लागणारी सगळी कागदपत्रं तयार करायची आणि अर्ज दाखल करायचा, हे काम आम्ही तुमच्या कंपनीला दिलं होतं. पैसे तुम्ही आगाऊ घेतले. अर्ज चुकीचा भरला गेला आहे, त्यावर ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं (नोंदणी कार्यालयाचं) ऑब्जेक्शन आलं आहे, उत्तर द्यायची मुदत चालू झाली आहे आणि यातलं काहीही तुमच्याकडून आम्हाला कळवलं गेलेलं नाही. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून मी स्वतः पाहिलं तेव्हा समजलं. यापुढे फोनवर बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे, कारण दर वेळी नवा माणूस फोन उचलतो आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणून ही लेखी तक्रार.

चुका बऱ्याच आहेत, पण एक फार जिव्हारी लागली आहे. तिच्याबद्दल आधी लिहिते.

टीएम-ए या ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जात खूण कधीपासून वापरात आहे हे सांगायचं असतं. आधीपासून वापर असेल तर तारीख द्यायची, आणि २०१७ च्या ट्रेडमार्क नियमांप्रमाणे त्या तारखेच्या आधारासाठी प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडायचे. आमची खूण २०११ पासून पाकिटावर आहे. तुमच्या माणसांनी तिथे ‘प्रस्तावित वापर’ निवडलं. म्हणजे ज्या नावाने आम्ही गणपती पेठेत इतकी वर्षं माल विकतोय, ते नाव अजून बाजारात आलेलंच नाही, असं आमच्याच वतीने सरकारला सांगितलं गेलं.

पुरावे नव्हते म्हणून असं झालं, असं कृपया सांगू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचं दुकान पाण्यात होतं. जुनी बिलबुकं खालच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर माझ्या सासऱ्यांनी ती गच्चीवर नेली. पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये गाळ. सुरीच्या बोथट बाजूने त्यांनी एकेक पान सोडवलं, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले, ऊन कमी झालं की बुकं घरात आणायची आणि सकाळी पुन्हा पसरायची. २०११ आणि २०१२ ची बुकं त्यांनी अशी वाचवली. गिऱ्हाइकाची प्रत फाडून दिलेली असते, बुकात राहते ती खालची कार्बनची प्रत, आणि कार्बनचं अक्षर पाण्याने फुटत नाही. कडा मातकट झाल्या आहेत, पण वर छापलेलं आमचं नाव, हरिपूरच्या पेवावरून (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यावरून) काढलेलं पेवाच्या तोंडाचं चित्र, तारीख, गिऱ्हाइकाचं गाव आणि ‘हळद पूड ५ किलो’ हे सगळं स्वच्छ वाचता येतं. पत्रासोबत नवीन स्कॅन जोडले आहेत, पाहून घ्या.

या बिलांवर तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर आलं की स्कॅन स्पष्ट नाहीत आणि बिलांवर जीएसटी नंबर नाही, त्यामुळे ती चालणार नाहीत. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्याआधीच्या बिलावर जीएसटी नंबर असणार कुठून? त्या काळात व्हॅट होता आणि त्याचा टिन नंबर प्रत्येक बिलावर छापलेला आहे. ज्या माणसाचं कामच कागदपत्रं तपासणं आहे, त्याला एवढं माहीत असायला हवं. हे मी त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

प्रतिज्ञापत्राचं तर याहून वाईट झालं. त्यात खूण कधीपासून वापरतो, कोणत्या मालावर, कोणत्या भागात विक्री आहे, वर्षाला उलाढाल किती, जाहिरातीवर खर्च किती, असं सगळं लिहायचं असतं आणि बिलं, जुनी पाकिटं, फोटो पुरावा म्हणून लावायचे असतात. आम्ही आमच्या सीएंकडून वर्षवार आकडे काढून घेतले आणि तुम्हाला पाठवले. तुमच्याकडून मसुदा आला तो घेऊन मी स्टॅम्प पेपरसह कोर्टाजवळच्या नोटरींकडे गेले. त्यांनी दुसरं पान वाचलं आणि विचारलं, “ताई, हळदीच्या प्रतिज्ञापत्रात शाम्पू आणि केसांचं तेल कुठून आलं?” दुसऱ्या कोणाच्या तरी मसुद्यात तुम्ही वरचं नाव तेवढं बदललं होतं. मालाचा तपशील त्यांचा, उलाढालीचे आकडेही त्यांचे. नोटरींनी वाचलं नसतं तर शपथेवर खोटं लिहून दिल्याचा दोष आमच्यावर आला असता. आणि ज्या व्यावसायिकाचे आकडे असे सांगलीत माझ्या हातात पडले, त्याच्या विश्वासाचं काय? आमचे आकडेही असेच कोणाच्या हातात गेले आहेत का, याचं लेखी उत्तर हवं आहे.

दुरुस्त्या लाल शाईने करून मी मसुदा परत पाठवला. त्यानंतर जे झालं ते अर्ज पाहिल्यावर कळलं. दुरुस्त करून पुन्हा तयार करण्याऐवजी तुम्ही प्रतिज्ञापत्रच गाळलं. ‘प्रस्तावित वापर’ निवडला की प्रतिज्ञापत्र लागत नाही. तुमचं काम वाचलं आणि आमची इतक्या वर्षांची वहिवाट कागदावरून पुसली गेली.

त्याचे परिणाम आता रजिस्ट्रीच्या एक्झामिनेशन रिपोर्टमध्ये, म्हणजे परीक्षण अहवालात, समोर आहेत. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ११ खाली ऑब्जेक्शन आहे की आमच्यासारखी एक खूण आधीच रजिस्ट्रीकडे आहे. त्या अर्जदाराने वापर २०१६ पासूनचा सांगितला आहे. आमचा वापर त्याच्या पाच वर्षं आधीचा. प्रामाणिकपणे एकाच वेळी चालत आलेल्या वापराचा विचार कलम १२ मध्ये होतो, आणि आधीपासून वापर करणाऱ्याला कलम ३४ संरक्षण देतं. आमच्याकडचं सर्वांत मोठं उत्तर हेच होतं. ते आता आम्ही मांडायला गेलो तर समोरचा आमचाच अर्ज पुढे करणार, की तुम्ही तर प्रस्तावित म्हणून लिहिलंय.

दुसरं ऑब्जेक्शन कलम ९ खाली आहे, तेही तुम्हीच ओढवून घेतलेलं. आम्ही खूण म्हणून लेबल दिलं होतं, चित्र आणि नाव मिळून. तुम्ही चित्र काढून टाकलं आणि नुसती अक्षरं अर्जात टाकली, आणि त्यात पाकिटावर खाली वर्णनासाठी छापलेले ‘सांगली हळद’ हे शब्दही खुणेचा भाग म्हणून घातले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते इथल्या सगळ्या शेतकऱ्यांचं आणि व्यापाऱ्यांचं आहे. मार्केट यार्डात सौद्याला बसणारा कोणीही सांगेल की हे शब्द एका दुकानाचे होऊ शकत नाहीत. आम्हाला ते नकोच होते. ‘सांगली हळद या शब्दांवर आमचा हक्क नाही’ असं मी माहिती भरून देताना लिहिलेलं आहे.

बेदाण्याचं सांगायचं तर ट्रेडमार्कसाठी मालाचे जे वर्ग असतात, त्यांतल्या ३१ व्या वर्गात तुम्ही तो टाकला. त्या वर्गात ताजी फळं आणि शेतातला कच्चा माल येतो. बेदाणा म्हणजे सुकवलेलं फळ, त्याचा वर्ग २९. हळद पावडर ३० मध्ये आहे, तेवढी बरोबर आहे. द्राक्ष आणि बेदाणा यांतला फरक तासगावातल्या शाळकरी मुलालाही कळतो. अर्जात नसलेला माल नंतर दुरुस्ती करून घालता येत नाही, त्यामुळे बेदाण्यासाठी आता नव्याने अर्ज करावा लागणार आणि अर्जाची तारीखही नवी लागणार. शिवाय आमची भागीदारी संस्था आहे. भागीदारीपत्र तुमच्याकडे आहे, त्यावर माझ्या जाऊबाईंची सही माझ्या सहीच्या वर आहे. अर्जात एकट्या माझं नाव आहे. त्यांना मी काय सांगू?

आता पैसे. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. आमचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा दाखला, पहिल्याच मेलमध्ये तुम्हाला दिलं होतं. तरीही तुम्ही दोन वर्गांचे १८,००० रुपये ‘सरकारी फी’ म्हणून लावले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ३,२४० रुपये. तुमची व्यावसायिक फी वेगळी. रजिस्ट्रीची पावती मागितली तर कोणी देईना. ती शेवटी मिळाली, तिच्यावर आकडा ९,००० रुपये आहे. म्हणजे उद्यम प्रमाणपत्राची सवलत तुम्ही सरकारकडून घेतली, आणि आमच्याकडून पूर्ण दराने पैसे घेतले. आमचे सीएही म्हणाले की आमच्या वतीने भरलेली सरकारी फी जशीच्या तशी वेगळी दाखवली असती तर तिच्यावर जीएसटी लागायचं कारण नव्हतं. तुम्ही जास्त घेतलेले १२,२४० रुपये ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही. पण रकमेपेक्षा मनाला हे लागलं, की बिलावर ‘सरकारी’ लिहिलं की माणूस प्रश्न विचारत नाही, हे धरून तो आकडा लिहिलेला आहे.

अर्ज दाखल झाला त्या दिवशी तुमचा अभिनंदनाचा मेल आला की तुमचा ब्रँड रजिस्टर झाला आहे, आता नावापुढे आर चिन्ह वापरा. हे धडधडीत चूक आहे. अर्जानंतर परीक्षण होतं, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग कोणाला विरोध करायचा असेल तर चार महिने, आणि त्यानंतर प्रमाणपत्र, जे दहा वर्षांसाठी असतं. तोपर्यंत फक्त टीएम लिहिता येतं. नोंदणी नसताना आर लावायला कायद्याने मनाई आहे. नवीन पाऊच छापायचा सिलिंडर आम्ही मिरजेत करायला टाकला होता. तिथल्या छपाईवाल्यांनी प्रमाणपत्राची प्रत मागितली आणि ती नाही म्हटल्यावर आर कोरायला नकार दिला. तो माणूस जबाबदारीने वागला. एकदा सिलिंडर कोरला की बदल करायचा म्हणजे नवा सिलिंडर, आणि छापलेले पाऊच रद्दीत.

आमच्या मागण्या अशा आहेत. एक्झामिनेशन रिपोर्टला एक महिन्याच्या मुदतीत उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जाईल. ते उत्तर वकिलाने किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंटने लिहावं, आणि दाखल करण्याआधी मसुदा आम्हाला दाखवावा. आमच्या लेखी संमतीशिवाय काहीही दाखल करू नये. वापराची तारीख, लेबल आणि भागीदारांची नावं यांबाबत दुरुस्ती मागता येत असेल तर योग्य प्रतिज्ञापत्रासह ती तुमच्या खर्चाने मागावी. रजिस्ट्री ती मान्य करणार नसेल, तर भागीदारी संस्थेच्या नावाने, लेबलसह, २०११ पासूनचा वापर दाखवून वर्ग २९ आणि ३० मध्ये नवा अर्ज करावा आणि त्याची सरकारी फी तुम्ही भरावी. १२,२४० रुपये आमच्या खात्यात परत यावेत. हे करायची तुमची तयारी नसेल तर मुखत्यारपत्र सोडल्याचं पत्र आणि संपूर्ण फाइल लगेच द्या, म्हणजे आम्हाला मुदत जायच्या आत दुसरा वकील नेमता येईल. तशा वेळी तुमची व्यावसायिक फीसुद्धा परत हवी.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून आम्ही सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या शहरात यायची आम्हाला गरज नाही. मेल, पावत्या आणि शाम्पूचा तो मसुदा, सगळं तारखेनुसार लावून ठेवलं आहे.

उत्तरावर ते देणाऱ्याचं नाव, पद आणि सही असावी. ‘टीम सपोर्ट’ या नावाने आलेलं उत्तर आम्ही उत्तर मानणार नाही.

आपली,
भागीदार (स्वतःसाठी व जाऊबाईंच्या वतीने),
हळद व बेदाणा विक्री, गणपती पेठ, सांगली

सोबत : २०११ व २०१२ च्या बिलांचे स्कॅन, भागीदारीपत्र, उद्यम प्रमाणपत्र, तुमचं बिल, रजिस्ट्रीची फी पावती, दुरुस्त्या केलेला मसुदा, एक्झामिनेशन रिपोर्ट.