गाडीला चातुर्मास, बॅटरीला उपास नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या मोटारी बाळगणारी मंडळी गाडीवर कव्हर चढवतात आणि ते थेट दसऱ्याला काढतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींची मुदत संपली. आता ज्या पद्मिनी, फियाट आणि ॲम्बेसिडर दिसतात, त्या बहुतेक घरच्या, हौसेने जपलेल्या आणि महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडणाऱ्या. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद केली, की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी उभी राहणार हे ठरलेलेच. तिच्या बॅटरीसाठी मात्र जो तो एकच उपाय सांगतो : 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून ठेवा.' हा सल्ला बॅटरीच्या मुळावर येणारा आहे. तो बंद व्हावा म्हणून हे पत्र.

हिशेब साधा आहे. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल बऱ्याच अंशी उडून गेलेले असते. पंपाने ते पुन्हा वर चढेपर्यंत सेल्फ मारत बसावे लागते, तुकड्यातुकड्यांनी दहा-बारा सेकंद तरी. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ शे-सव्वाशे अँपिअर ओढतो. म्हणजे इंजिन लागेपर्यंतच सुमारे ०.४ अँपिअर-अवर गेले (एक अँपिअर करंट तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). पुढची पाच मिनिटे गाडी स्लोवर गुरगुरत असते. फियाट ११०० किंवा सुरुवातीच्या ॲम्बेसिडरसारखी डायनॅमोची, म्हणजे वीज बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राची गाडी असेल, तर स्लोवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्याशिवाय कटआउट, म्हणजे डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, जुळतच नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा त्या वेळी मंद पेटलेला किंवा लुकलुकत असतो. तो हेच सांगत असतो, पण बघतो कोण? इग्निशन कॉइलचे अडीच-तीन अँपिअर तेवढा वेळ बॅटरीतूनच जातात, म्हणजे आणखी ०.२ गेले. आठवड्याला ०.६ धरले तर सतरा आठवड्यांत दहा अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पावाहून जास्त हिस्सा आपण तिची काळजी घेता घेता संपवला!

अल्टरनेटरच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या जनित्राच्या गाडीत तोटा एवढा नसतो. सेल्फने खाल्लेले पाच मिनिटांत साधारण भरून निघते. पण बॅटरी आपोआप जी उतरलेली असते, ती भरत नाही. शिसे-ॲसिडची बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे फार सावकाश चार्ज घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. अल्टरनेटर कितीही दणकट असला तरी त्याने घाई होत नाही. आणि इंजिनाचे नुकसान वेगळेच. चोक ओढून थंड चालवलेल्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि तो आतून कुजतो. चालू करायचीच असेल तर गाडी बाहेर काढून पंधरा-वीस किलोमीटर नीट पळवावी. ते जमणार नसेल तर किल्लीला हात लावू नये.

उभी बॅटरी खराब का होते, हे एकदा समजले की पुढचे सगळे सोपे आहे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ताजे असते तोवर ते चार्जिंगने विरघळते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, की त्याचे खडे मोठे आणि टणक होतात, साखरेच्या पाकात खडीसाखर धरावी तसे. मग चार्जर लावला तरी ते मोडत नाहीत आणि तेवढी प्लेट कामातून जाते. म्हणूनच वापरून झिजलेल्या बॅटरीपेक्षा उपाशी ठेवलेली बॅटरी लवकर मरते.

बॅटरी उतरते दोन वाटांनी. पहिली वाट आतली. ज्यांना बुचे उघडून पाणी घालतो, त्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या प्लेटांत अँटिमनी असते. ती काही न जोडताही महिन्याला काही टक्के उतरते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. थंड देशांतल्या पुस्तकांत 'तीन महिन्यांनी चार्ज करा' असे लिहिलेले असते. आपल्याकडे महिना हीच मुदत धरावी. दुसरी वाट बाहेरची. मूळ वायरिंगच्या पद्मिनीत किल्ली बंद असताना ओढणारे फारसे काही नसते. पण नंतर बसवलेला स्टिरिओ, रिमोट लॉक, जीपीएस ट्रॅकर हे रात्रंदिवस घोट-घोट पीत असतात. तिघांचे मिळून ४० मिलिअँपिअर धरा. दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर झाला, म्हणजे अडीच आठवड्यांत ३५ची बॅटरी निम्मी!

हे मोजायला मल्टीमीटर पुरतो. त्याची लाल वायर १० अँपिअरच्या खोबणीत घालावी, बॅटरीचा अर्थ (बॅटरीपासून गाडीच्या बॉडीला गेलेली केबल) सोडवावा आणि बॅटरीची पोस्ट (टर्मिनल) व सोडवलेला क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर धरावा. दारे बंद, बॉनेटखालचा दिवा असल्यास काढलेला. या अवस्थेत किल्ली फिरवू नये. चुकून सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. वीस-पंचवीस मिलिअँपिअरच्या वर आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढून बघावा. फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल, तर डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे पॉइंट चिकटलेत का आणि अल्टरनेटरच्या गाडीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतोय का, ते पाहावे. चिकटलेला कटआउट बॅटरी एका रात्रीत पार उतरवतो.

आता करायचे काय? पार्किंगमध्ये प्लग नसेल तर अर्थ सोडवणे हा पहिला आणि फुकटचा उपाय. पाना आधी अर्थच्या नटाला लावायचा, जोडताना अर्थ शेवटी. कारण उघड आहे : आधी दुसरे टर्मिनल सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. इथे एक खोच आहे. जुन्या इंग्रजी मॉरिस, ऑस्टिनमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे 'निगेटिव्ह आधी' हे पाठ केलेले वाक्य उलटे पडते. जाड केबल बॉडीला कुठून गेली आहे ते डोळ्यांनी बघावे. दर वेळी पाना नको असेल तर ट्रक-बसना असतो तसा कटऑफ स्विच अर्थच्या केबलवर बसवावा. फक्त तो सेल्फचा करंट पेलणारा हवा. त्यानंतर महिन्यातून एकदा बॅटरी खाली उतरवून रात्रभर चार्जिंगला लावली की काम झाले.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या एक दशांश ठेवावा. ३५च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, त्याहून कमी चालेल. 'तासाभरात फुल्ल करून देतो' म्हणणाऱ्याकडे जुनी बॅटरी देऊ नये. एवढा करंट घेताना ती तापते, प्लेटा वाकतात, त्यांचा मसाला गळून तळाशी बसतो आणि एखादा सेल शॉर्ट होतो.

पार्किंगमध्ये प्लग असेल तर फ्लोट चार्जर कायम लावून ठेवणे सर्वांत चांगले. पण चार्जर म्हणजे कुठलाही नव्हे. दुकानात मिळणारा साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर थांबत नाही. बॅटरी भरली तरी तो व्होल्टेज १५-१६पर्यंत चढवत राहतो आणि दोन आठवड्यांत पाणी उकळल्यासारखे उडून प्लेटा उघड्या पडतात. हवा तो व्होल्टेज आपोआप उतरवणारा, म्हणजे स्मार्ट चार्जर : आधी सुमारे १४.४ व्होल्ट, मग १३.५च्या आसपास स्थिर. एक अँपिअरचा पुरतो. चाळिशीतल्या उन्हात हा फ्लोटचा आकडा १३.२पर्यंत खाली यायला हवा. तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा चार्जर मिळाला तर विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी तोच घ्यावा. घेताना दुकानदाराला एवढे विचारावे, की वीज जाऊन आली तर हा आपोआप पुन्हा सुरू होतो का. काही मॉडेलना प्रत्येक वेळी बटण दाबावे लागते, आणि वीज आपल्याकडे काही सांगून जात नाही. पार बसलेल्या बॅटरीला बरेच स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत. त्यांना ती जोडलेलीच वाटत नाही. अशी बॅटरी आधी साध्या चार्जरवर एक-दोन अँपिअरने, समोर उभे राहून थोडी वर आणावी आणि मग स्मार्ट चार्जरला द्यावी. जुनी जीप किंवा १९६७च्या आधीची बीटल असेल तर बॅटरी सहा व्होल्टची असू शकते. चार्जरचा स्विच सहावर आहे ना, हे दोनदा पाहावे.

क्लिप लावताना आधी बॅटरीला, मग प्लग चालू; काढताना आधी प्लग बंद. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. उतरवलेली बॅटरी घरात आणून देवघराशेजारच्या कोनाड्यात चार्जिंगला लावणारे महाभाग आहेत! समईशेजारी ही जागा नव्हे, गॅलरी बरी. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिथे चार्ज करताना सीट काढून काचा खाली कराव्यात. एक्स्टेन्शनची वायर जमिनीवरून नेऊ नये, चार्जर भिंतीला खिळ्यावर टांगावा. तळमजल्याच्या पार्किंगला पाणी येते तेव्हा विचारून येत नाही, आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखालीच बिऱ्हाड करतात.

सोसायटीचा प्लग वापरायचा म्हटले की कमिटीत वाद होतो. त्यांना आकडा द्यावा : भरलेल्या बॅटरीवर फ्लोट चार्जर पाचेक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. जिन्यातली रात्रभर जळणारी ट्यूबलाइट याहून जास्त खाते. सौर पॅनेलचा मोह अनेकांना होतो. उघड्यावर, उन्हात पाच-दहा वॅटचे पॅनेल आणि त्याला उलटा करंट अडवणारा डायोड असेल तर ते चांगले चालते. पण गाडी उभी राहते तीच नेमकी पावसाळ्यात, कव्हरखाली. तिथे त्याचा उपयोग शून्य.

बॅटरी किती भरली आहे ते बघायला मीटर लावावा, पण चार्जर काढल्यावर लगेच नाही. निदान रात्रभर थांबावे, नाहीतर वरवरचा फुगलेला आकडा दिसतो. १२.६ किंवा १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ दिसले की चार्जिंगला लावावी, १२ची वाट बघू नये. बुचे उघडणारी बॅटरी असेल तर मीटरपेक्षा ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर अधिक खरे बोलतो. बॅटरीवाल्यांच्या भाषेत भरलेला सेल १२४० ते १२६० (म्हणजे पाण्याच्या १.२४ ते १.२६ पट घनता) दाखवतो; नेमका आकडा बॅटरीच्या पत्रकात असतो. सहांपैकी पाच सेल १२४० आणि एकच ११८०वर अडला असेल, तर तो सेल गेला. त्या बॅटरीवर चार्जरचा खर्च करू नये.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचे नाही, आणि एसीतून ठिबकणारे तर नाहीच. त्यात कॉइलची धूळ आणि धातूचे अंश असतात. प्लेटा उघड्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील इतपतच घालावे, चार्ज झाल्यावर पातळी प्लेटांच्या वर बोटभर आणावी. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना पाणी फुगून बाहेर येते आणि ॲसिडने ट्रेचा पत्रा खाल्लाच म्हणून समजा. 'जोर यावा म्हणून' वरून ॲसिड घालणे हा शुद्ध अघोरीपणा.

बॅटरीचा माथा पुसलेला असावा, हे ऐकायला किरकोळ वाटते. मीटरची काळी वायर निगेटिव्हवर ठेवा आणि लाल टोक प्लॅस्टिकच्या माथ्यावरून सावकाश पॉझिटिव्हकडे न्या. कोरड्या, स्वच्छ माथ्यावर काही दिसत नाही. धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर असेल तर अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट असा आकडा चढत जातो. त्या थरातून करंट वाहतोय, दिवसरात्र. बुचे घट्ट लावून, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावे, बुचांची बारीक भोके मोकळी आहेत ना ते बघावे, टर्मिनल कोरडी करून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, ही समजूत मात्र लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळातली आहे. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही.

दसऱ्याच्या सकाळी हार घालण्याआधी आदल्या दिवशी एवढे करावे. ऑइल, पाणी आणि ब्रेक पाहावेत. क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरने घासावा आणि अर्थ शेवटी आवळावा. कॉइलची वायर काढून पाच-पाच सेकंद दोनदा सेल्फ मारावा, म्हणजे ऑइल वर चढते. मग वायर जोडून चालू करावे. बॅटरी चांगली असूनही सेल्फ नुसता 'कट' करून थांबला तर दोष बहुधा बॉडीकडच्या अर्थच्या टोकाला असतो. तिथला रंग खरवडून बोल्ट पुन्हा आवळावा, लगेच नवी बॅटरी आणायला धावू नये.

आपले,
जुन्या मोटारींचे वायरिंग आणि बॅटरीचे काम करणारे काही वाचक, पुणे