निवाऱ्यांची मोट बांधणाऱ्या मंडळींना, डिचोलीतून

आदरणीय मंडळी,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीची पंच. घरात कुत्रा नाही, मांजर नाही. लहानपणी दारात गोठा होता, तेवढाच जनावरांशी संबंध. तेव्हा हे पत्र कोणा प्राणिप्रेमीचे नव्हे, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही गोव्यातले भटक्या जनावरांचे वेगवेगळे निवारे आणि रेस्क्यू गट एका टेबलाशी आणून बसवलेत आणि उठू दिले नाहीत, त्यासाठी हे आभार. कुत्र्याला कुशीत घेतलेल्या माणसाचा फोटो पेपरात येतो. कुठला पिंजरा रिकामा आहे, कोणाच्या गाडीत डिझेल आहे, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, हे सांभाळणाऱ्याचा येत नाही.

गोव्यात युती म्हटली की लोक आधी हसतात आणि मग ती कधी फुटणार ते विचारतात. तुमच्याविषयीही मी तसेच ऐकले होते. हे सगळे एकमेकांवर जळतात, देणगीदार पळवतात, पंधरा दिवसही एकत्र राहणार नाहीत, वगैरे. भांडणे तुमच्यात आहेत, ती मी स्वतः पाहिली आहेत. एका बैठकीत औषधांच्या बिलावरून दोघे चांगलेच तापले होते. पण बैठक संपली तेव्हा त्याच दोघांनी एकाच गाडीतून जखमी कुत्रा नेला. हे घडवून आणायला काय लागते ते पंचायतीत बसणाऱ्याला विचारा.

तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे काय चालायचे? मंदिरामागे कोणी पोत्यात पिल्ले टाकून गेले, की फोन पंचाला. रस्त्यावर गाय धडक खाऊन पडली, फोन पंचाला. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीमागे कुत्रे लागले, तरी पंचालाच. मी एका निवाऱ्याला फोन करी, ते सांगत की आम्ही बार्देश तालुक्यापुरतेच. दुसरा म्हणे, आम्ही फक्त नसबंदी करतो, आजारी जनावर ठेवत नाही. तिसऱ्याचा फोन लागत नसे. यातला कोणीही खोटे बोलत नव्हता. प्रत्येकाकडे एखादा डॉक्टर, मोजके पिंजरे आणि महिनाअखेरीस रिकामा होणारा डबा. पण पोत्यातल्या पिल्लांना तालुक्याची हद्द कळत नाही, आणि फोन करणाऱ्या माणसाला ‘आमचे काम नाही’ एवढेच ऐकू येते.

आता एक नंबर आहे. सकाळी प्रत्येक निवारा आपल्याकडची रिकामी जागा कळवतो, साथीच्या रोगांसाठी वेगळे ठेवलेले पिंजरे वेगळे कळवतो, आणि त्या दिवशी ड्युटीवर असलेला माणूस बाराही तालुक्यांचे फोन त्या यादीवरून वाटतो. ऐकायला किती साधे! पण यात प्रत्येक गटाला आपली खरी जागा दुसऱ्यांसमोर उघडी करावी लागते. ‘आमच्याकडे जागा आहे’ हे कबूल केले की जनावर येणार, आणि ‘नाही’ म्हटले की कोणीतरी विचारणार, कालच तर एक दत्तक गेला ना? ही उघडपणाची सवय तुम्ही लावलीत. सरकारी खात्यांनाही ती जमलेली नाही.

नकार कसा द्यायचा तेही तुम्ही आम्हाला शिकवलेत. मी एकदा चिडून म्हटले होते, चार पिल्ले कुठल्याही कोपऱ्यात मावतात, एवढे काय त्यात? तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी पार्वो हा पिल्लांचा साथीचा रोग समजावून सांगितला. हगवण आणि उलट्यांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. त्याच्या विष्ठेतला विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो, साध्या साबणाने मरत नाही, माणसाच्या चपलेवरूनही पुढच्या पिंजऱ्यात पोचतो. दया येऊन आत घेतलेले एक आजारी पिल्लू आतली सगळी पिल्ले संपवू शकते. म्हणून तुमच्याकडे नवीन आलेले पिल्लू आधी वेगळे राहते, आणि वेगळी जागा नसेल तर ते घेतलेच जात नाही. वाड्यावरच्याच कोणाच्या तरी पडवीत ते ठेवायची सोय तुम्ही फोनवरून लावून देता, औषध आणि लस घेऊन माणूस तिथे येतो. लोक यावरही शिव्या घालतात. तुम्ही ऐकून घेता.

आमची ती ग्रामसभा मात्र मी सविस्तर लिहिणार आहे.

रविवार होता, हॉल भरलेला. बाजाराच्या वाड्यावर एका लहान मुलीला कुत्रा चावला होता. तिचे आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, सगळे कुत्रे ट्रकात घाला आणि चोर्ला घाटात सोडून या. टाळ्या पडल्या. रोज तिन्हीसांजेला भात शिजवून घालणाऱ्या काकींवर तीन-चार जण धावून गेल्यासारखे बोलले. काकीही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. सरपंचांनी घंटा वाजवली, कोणी ऐकली नाही. तुमच्यातल्या ज्या ताई आल्या होत्या त्यांना माईक दिला, तेव्हा मला वाटले, आता या भूतदयेवर बोलणार आणि खुर्च्या उडणार.

ताई माईक बाजूला ठेवून आजोबांच्या शेजारी जाऊन बसल्या. कुत्र्याचे नावही काढले नाही. मुलीचा सुयांचा कागद कुठे आहे, एवढे विचारले. सातव्या दिवसाची सुई राहिली होती. जखम सुकली म्हणून घरच्यांना वाटले, आता काय गरज? ताईंनी तिथूनच आरोग्य केंद्रात फोन लावला, संध्याकाळी घेऊन येतो म्हणून सांगितले. मग हॉलकडे वळून त्यांनी कोंकणीत सांगितले की कुत्रा चावला तर आधी पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचे नाही, आणि डॉक्टरने सांगितलेली एकही सुई चुकवायची नाही, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. हॉल शांत झाला. त्यानंतर ताई कुत्र्यांच्या विषयावर आल्या.

चिकनच्या दुकानांमागचा कचरा तसाच राहणार असेल, तर इथले कुत्रे घाटात नेल्यावर शेजारच्या गावचे येतील, आणि त्यांना लस दिलेली आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसेल. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची असते. म्हणजे आमची! हे वाक्य त्या इतक्या गोड आवाजात बोलल्या की आम्हा पंचांना घाम फुटला. दुकानदारांना नोटीस, कचऱ्याला झाकणाची टाकी, आणि कुत्रे पकडायच्या दिवशी पंचायतीचे दोन माणूस, असा ठराव त्याच दिवशी झाला. काकींनाही त्यांनी सोडले नाही: भात घाला, पण शाळेच्या वाटेवर नको, आणि पकडणारे येतील तेव्हा तुम्हीच कुत्र्यांना हाक मारायची.

पहाटे जाळी घेऊन आले ते एका गटाचे, गाडी दुसऱ्याची, ऑपरेशन तिसऱ्याकडे, आणि टाके भरेपर्यंतचे किमान चार दिवस ठेवून घेणारे चौथे. कानाला खाच घेऊन कुत्रे परत आले तेव्हा एकाने कान कापले म्हणून माझ्याकडे तक्रार केली. ती खूण नसबंदी आणि लस झाल्याची, हे तोवर मलाही तोंडपाठ झाले होते.

गोव्याने यात आधी काय कमावले आहे तेही आम्हाला तुमच्याकडूनच कळले. कुत्र्यांना रेबीजची लस देणारी मोहीम, मिशन रेबीज, 2013 मध्ये भारतात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारच्या साथीने गोव्यात तिचे काम लागले. वाड्यावाड्यांत जाळी घेऊन फिरणे, लस टोचलेल्या कुत्र्याला रंगाचा पट्टा मारणे, मोबाइलवर त्याची जागा नोंदवणे, शाळांतून मुलांना शिकवणे, हे वर्षानुवर्षे चालले. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात 2022 मध्ये आलेल्या अभ्यासात राज्यातल्या कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक घटना 92 टक्क्यांनी घटल्याचे मांडले आहे. पण दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, लसीचा असर ओसरतो, म्हणून सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस देणे दर वर्षी नव्याने करावे लागते. मोठे काम दुसऱ्यांनी केले, आम्ही फक्त गळती होऊ देत नाही, असे तुम्ही म्हणता. हा ‘फक्त’ मला मान्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा 7 नोव्हेंबर 2025 चा आदेश आला, शाळा, इस्पितळे, बसस्टँड, रेल्वे स्थानके इथले कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवा आणि तिथे परत सोडू नका, तेव्हा सगळ्यांनी तुमच्याकडे बोट दाखवले. जणू निवारे रिकामेच पडले होते. प्रत्येक गट वेगळा घाबरला असता, कोणी दारे लावून घेतली असती, कोणी नको तितके कुत्रे कोंबले असते. तुम्ही एकत्र बसून प्रत्येकाची क्षमता लिहून काढलीत आणि पंचायतींना एकच पत्र पाठवलेत: एवढे घेता येतील, पुढच्यांसाठी जागा आणि खर्च तुम्ही द्या. आमच्या पंचायतीत ते पत्र मोठ्याने वाचले गेले. कोणाला आवडले नाही, पण खोडता कोणालाच आले नाही.

पावसाळ्यात कोरड्या डांबरावर येऊन बसणारी गुरे, शॅक, म्हणजे सीझनपुरत्या खानावळी, उतरल्यावर किनाऱ्यावर उपाशी राहणारे कुत्रे, नरकासुराच्या रात्री फटाक्यांना भिऊन दुसऱ्याच गावात पोचलेली पाळीव कुत्री, या सगळ्यावर लिहीत बसले तर पत्र संपणार नाही.

एका बाबतीत मात्र माझे तुमच्याशी पटत नाही. सीझनपुरते गोव्यात राहायला येऊन हौसेने पिल्लू पाळणारे, आणि भाड्याचे घर सोडताना ते गेटबाहेर सोडून जाणारे, यांच्याशी तुम्ही फार मऊ वागता. समजावून सांगता. दत्तक देताना चांगली जड अनामत रक्कम घ्या आणि घरमालकाची सही घ्या, असे माझे मत आहे. तुम्ही म्हणता, मग कोणी दत्तकच घेणार नाही. असेल. तरी पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, मी भांडायला येणार आहे.

बाजाराजवळची पंचायतीची जुनी शेड ऑपरेशननंतरच्या पिंजऱ्यांसाठी वापरू देण्याचा ठराव गेल्या बैठकीत मंजूर झाला. नळ आहे, विजेचा अर्ज दिला आहे, पत्रे दोन ठिकाणी गळतात ते चतुर्थीआधी बदलून घेते. मोजमाप घ्यायला माणूस पाठवा. किल्ली पंचायतीत शोधू नका, ती माझ्या घरी आहे.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक पंच