संमेलनाचा मेन्यू छापता, तसा स्वच्छतागृहांचा नकाशाही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

साहित्य संमेलन जवळ आलं की अध्यक्ष कोण, रुसलं कोण, पत्रिकेत कुणाचं नाव राहिलं आणि जेवणात पुरणपोळी आहे की मांडे, हे सगळं तुमच्या पेपरात रोज येतं. मीही ते चवीने वाचते, खोटं कशाला बोलू. पण मांडव ज्यांच्यामुळे भरतो ती बरीचशी मंडळी साठीच्या पुढची, बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत घेऊन आलेली असतात, त्यांनी तिथे तीन दिवस काढायचे कसे याबद्दल मात्र एक ओळ नसते.

आमचं मेडिकलचं दुकान आहे. संमेलनाला निघालेल्या बायका हमखास विचारतात, "अहो, ती लघवीची गोळी दोन दिवस नाही घेतली तर चालेल ना?" कारण सरळ आहे, त्या गोळीने सारखं लघवीला जावं लागतं आणि स्वच्छतागृह मांडवापासून लांब, तिथे पाणी नाही, संध्याकाळी लाइट नाही, आणि रांग एवढी की परिसंवाद संपून जातो. मग काय, गोळी बंद आणि सकाळपासून पाणीही बंद, दुपारी चक्कर आली की सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि घरी आल्यावर लघवीची जळजळ घेऊन परत आमच्याच दुकानात. बायांनो, गोळी मनाने बंद करू नका, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, वेळ पुढेमागे करता येते का ते ते सांगतील. पण संडास नीट असतील तर हा प्रश्नच येत नाही हो, आणि ते काम आयोजकांचं.

दुसरं भाषणांचं. उद्घाटनाला सत्कार, मनोगतं, मग मंत्र्यांची वाट बघणं, असं करत जेवण तीनवर जातं. सकाळी ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी नाहीतर इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसाची साखर तोवर खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात, असंबद्ध बोलायला लागतो आणि शेजाऱ्याला वाटतं काका भाषणाला कंटाळले!! खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी ठेवा, लक्षणं दिसली की लगेच खा आणि मग जेवणाचं बघा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ 108 ला फोन.

उन्हाचं तर आपल्याला सांगायला नको. उदगीरचं संमेलन 2022 च्या एप्रिलमध्ये झालं, लातूर जिल्ह्यातला एप्रिल म्हणजे काय ते तिथल्यांना विचारा. आणि 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने 14 माणसं गेली, तेव्हा उघड्यावर लोकांना तासन् तास बसवणं किती महागात पडतं ते कळायला हवं होतं. ओआरएस न्या, पण मोठं पाकीट अख्ख्या एक लिटर पाण्यात घालायचं, लोक अर्ध्या बाटलीत ओततात आणि ते जास्त खारट-गोड पाणी उलट त्रास देतं. बीपी-किडनीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

नाशिकचं 94 वं संमेलन कोरोनामुळे पुढे ढकलून 2021 च्या डिसेंबरमध्ये घेतलं, तेव्हा मास्कची आठवण सारखी करून द्यायचे. आता लोक पुस्तकांच्या गाळ्यात, जिथे दोन माणसं धड जाऊ शकत नाहीत तिथे, तोंडावर हात न धरता खोकतात. ताप-खोकला असेल तर घरी थांबा ना, भाषणं यूट्यूबवर येतात. फ्लूची लस घ्यायची तर निदान दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही.

आणि मांडवात बसण्याआधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघा. डिसेंबर 1995 ला हरियाणात डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला आणि चारशेवर माणसं, त्यात शेकडो लेकरं, गेली, कारण बाहेर पडायला वाट अपुरी होती. आपल्याकडे व्हीआयपी आले की निम्मी दारं बंदच करतात, त्या बंदोबस्तवाल्यांना हे कोणीतरी सांगा.

तर साहेब, विनंती एवढीच. शंभरावं संमेलन तोंडावर आलंय, त्याच्या आदल्या रविवारी मेन्यूशेजारी एक नकाशा छापा: पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं (बायकांची किती ते आकड्यात), प्रथमोपचार केंद्र, अँब्युलन्सचं गेट, बाहेर पडायची दारं, आणि जेवणाची खरी वेळ. आयोजकांकडे मागा, आणि त्यांनी दिला नाही तर "मागितला, मिळाला नाही" असं त्याच जागी चौकटीत छापा.

आपली,
एक मेडिकलवाली वाचक, सांगली