‘पौष्टिक’ पाककृतींत साखरेचे माप छापावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की, आपल्या पुरवणीत फळांच्या ‘पौष्टिक’ गोड पदार्थांच्या पाककृतीही नियमाने येऊ लागतात. त्या वाचनीय असतात, परंतु त्यांतील बहुतेकांत डबाबंद दूध, कस्टर्डची पूड, मलई आणि वर ‘चवीनुसार साखर’ असा मजकूर असतो. साखर वगळलीच, तर तिच्या जागी गूळ, मध किंवा खजुराचा पाक येतो आणि तेवढ्या आधारावर शीर्षकात ‘शुगर फ्री’ हे बिरुद झळकते. गुळात मुख्यत्वे सुक्रोज, म्हणजे साखरेतलाच घटक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेल्या साखरेबरोबरच मध, पाक आणि फळांचा रस यांतील साखरही ‘मुक्त साखर’ धरली आहे. ती रोजच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि 5 टक्क्यांच्या खाली, म्हणजे साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले, असे त्यात म्हटले आहे. अख्ख्या फळातील साखर मात्र या हिशेबात येत नाही. म्हणूनच फळाचा गोड पदार्थ फळाच्याच गोडीवर उभा करता येतो की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि नाशिककरांना तो अवघड जाण्याचे काहीच कारण नाही.

आपल्याकडे जानेवारीत द्राक्षे सुरू होतात, तेव्हा बाजारात थंडीतला पेरूही असतो आणि पिंपळगाव-दिंडोरीकडचा बेदाणा तर बारमाही मिळतो. या तिन्हींना सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग यांची जोड दिली तर जेवणानंतर गरमच वाढावा असा पदार्थ तयार होतो. पाच-सहा जणांसाठी पिकलेले पण टणक असे अर्धा किलो पेरू, पाव किलो काळी द्राक्षे आणि मूठभर बेदाणे पुरतात. पेरूची साल काढू नये. बियांचा गाभा चमच्याने वेगळा करावा, पण तो फेकू नये, कारण पदार्थाला दाटपणा येतो तो त्यातूनच. हा गाभा कपभर पाण्यात पाच-सात मिनिटे उकळून चाळणीवर दाबून घेतला की बिया वर राहतात आणि खाली दाट गर उतरतो. पेरूत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे मक्याच्या पिठाची किंवा कस्टर्डच्या पुडीची गरज पडत नाही.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात चमचाभर तुपावर पेरूच्या फोडी परतून त्यावर हा गर ओतावा. दोन लवंगा, चार-पाच ठेचलेली मिरी आणि बोटभर दालचिनी मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून त्यात सोडावी, झाकण ठेवावे आणि फोडी मऊ होईपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावे. द्राक्षे व बेदाणे शेवटच्या तीन-चार मिनिटांतच घालावेत, नाहीतर द्राक्षांची साले सुटून गरात तरंगू लागतात. त्याच वेळी पाव चमचा सुंठपूड आणि कणभर मीठ घालावे. वेलचीचा आणि जायफळाचा सुगंध फार उडून जाणारा, म्हणून त्यांचा क्रम पातेले उतरवल्यानंतरचा. जायफळ सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळले तेवढे पुरे, अधिक घातल्यास पदार्थ कडवट होतो आणि मोठ्या प्रमाणात जायफळ अपायकारकही आहे. अॅल्युमिनियमचे पातेले या कामी घेऊ नये, कारण फळांतील आम्लाशी त्याचा संयोग होतो.

मसाले ‘उष्ण’ असतात म्हणजे नेमके काय, हेही पाककृतींत क्वचितच सांगितले जाते. सुंठ आणि मिरी ही आयुर्वेदातील त्रिकटूमधली दोन द्रव्ये आहेत, तिसरी पिंपळी. मिरीतील पाइपरीन आणि आल्यातील जिंजेरॉल हे तिखट घटक उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतात, म्हणून ते खाल्ल्यावर ऊब जाणवते. आले वाळून सुंठ होताना जिंजेरॉलचा काही भाग शोगॉलमध्ये बदलतो आणि ते अधिक तिखट असते, त्यामुळे ओल्या आल्याच्या मापाने सुंठ घालून चालत नाही.

दालचिनीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड, कडक, एकाच थराची साल ही बहुधा कॅशिया असते. श्रीलंकेची अस्सल दालचिनी पातळ, ठिसूळ आणि अनेक पापुद्र्यांची गुंडाळी असलेली असते. कॅशियात कुमारिन नावाचा घटक बराच असतो आणि तो दीर्घकाळ अधिक प्रमाणात पोटात गेल्यास काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.1 मिलिग्रॅम इतकी ठेवली आहे. पुरचुंडीतला एक तुकडा सहा जणांत वाटला जातो, तेव्हा चिंतेचे कारण नाही. परंतु व्हॉट्सअॅपवरचा सल्ला वाचून जे रोज सकाळी चमचाभर दालचिनीपूड पाण्यातून घेतात, त्यांनी आपल्या डब्यातली साल एकदा अवश्य पाहावी.

या पदार्थाची उणीही बाजू आहे. पेरूतील क जीवनसत्त्व उष्णतेने बरेच नष्ट होते, ज्यांना तेच हवे त्यांनी पेरू न शिजवताच, मीठ लावून खावा. बेदाण्यातही साखर निम्म्याहून अधिक असते, कारण किलोभर बेदाण्यासाठी सुमारे चार किलो द्राक्षे वाळवावी लागतात. म्हणून मूठभर म्हणजे मूठभरच. आणि मधुमेहींच्या बाबतीत ‘साखर नाही, मग कितीही खा’ हा आग्रह यजमानांनी करू नये, एक लहान वाटी हेच माप ठीक. दूध मात्र यात घालू नये, आंबट फळामुळे ते नासते. ज्यांना काही पांढरे हवेच असेल त्यांनी वाढताना बाजूला चमचाभर चक्का द्यावा.

आपणास विनंती एवढीच की, यापुढे पुरवणीत ज्या पाककृतीवर ‘पौष्टिक’ असा शिक्का असेल, तिच्याखाली ती किती जणांसाठी आहे आणि तीत साखर, गूळ, मध व पाक मिळून एकूण किती ग्रॅम गोड घातले आहे, या दोन गोष्टी न चुकता छापाव्यात. ‘चवीनुसार’ हा शब्द मिठापुरता राखून ठेवावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांसाठी आपण दरवर्षी पदार्थ सुचवता. यंदाच्या त्या पानापासूनच ही पद्धत सुरू करता येईल.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक, इंदिरानगर, नाशिक